मधली भिंत

आमच्या झरी जामणी तालुक्यातल्या जुन्या घरांत भिंतीला फारसा मान नव्हता. मान होता खांबाला. पाटण, मुकुटबन, माथार्जुनच्या आसपास कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे पाडे, आहेत. तिथं एखादं जुनं घर अजून टिकून असेल तर जरूर पाहावं. घर बांधायचं म्हणजे आधी सागाचे खांब रोवायचे, वरच्या टोकाला बेचकी असलेले. बेचकीत मयाल, म्हणजे आडवी तुळई, बसवायची, मयालीवरून आढ्यापर्यंत फाटे चढवायचे, फाट्यांवर बांबूच्या कमच्या बांधायच्या आणि कमच्यांवर कवेलू. इतकं झालं की घर उभं राहिलेलं असे आणि भिंतींचा अजून पत्ताही नसे. मग सवडीनं बांबूचा नाहीतर पऱ्हाटीचा कूड घालायचा आणि त्याला आतून-बाहेरून माती-शेणाचा गिलावा. पावसाळ्यात झडीच्या बाजूचा कूड झोडपून निघायचा, माती उतरून आतल्या काड्या दिसू लागायच्या. दसऱ्याच्या सुमारास बायका त्यावर नवा हात फिरवायच्या. घरात सून आली, शेळ्या वाढल्या, तर दोघं जण एका दुपारी अख्खा कूड उपसून चार हात पुढे नेऊन उभा करत. वरचं एक कवेलू हलत नसे.

आमचं घर कुडाचं नव्हतं, मातीच्या जाड भिंतींचं होतं. सांगाडा मात्र तोच. भिंत आडोशाला, खांब ओझ्याला. ओसरीची भिंत एका पावसाळ्यात निम्मी बसली, तेव्हा आजीनं तिथं तट्ट्या लावून पुढचे दोन महिने तिथंच भाकरी थापल्या. कोणाला भीती वाटली नाही. पडलेल्या भिंतीची माती पाण्यात कालवून पुन्हा तीच भिंत चढली.

खांबाचं दुखणं मात्र सगळे मनावर घेत. आमच्या मधल्या खांबाला उधई लागली तेव्हा मी शाळकरी होतो. खांबावर मातीच्या बारीक शिरा चढलेल्या. आजोबांनी विळ्याच्या टोकानं बुड खरवडलं आणि लाकडाचा भुगा त्यांच्या पायावर सांडला. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी मागच्या वाडग्यातून दोन बल्ल्या आणून त्यांनी अंगणात टाकल्या, एवढंच.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते मी अगदी जवळून पाहिलं. खराब खांबाला कोणी हात लावला नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर एकेक सपाट दगड बसवला. दगडावर फळीचा तुकडा, त्यावर बल्ली उभी, बल्लीच्या डोक्याशी मयालीखाली दुसरा तुकडा. मग बल्लीच्या बुडाशी बाभळीच्या दोन पाचरा, एक इकडून, एक तिकडून. आळीपाळीनं ठोके. आधी आवाज पोकळ येत होता, मग भरीव होत गेला आणि एका ठोक्याला मयाल बारीक कुरकुरली. ‘‘आली,’’ आजोबा म्हणाले. म्हणजे ओझं बल्लीवर आलं. मग त्यांनी जुन्या खांबाला नुसता तळहात लावला. इतकी वर्षं ज्याला टेकून सगळं घर बसायचं, तो खांब हलला. आजी दारातून म्हणाली, ‘‘माय वो, येवढा खांब, अन् आता झुलते कसा!’’

टेकू लावल्याशिवाय खांब काढायचा नाही, हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवलं नाही. ते सगळ्यांना ठाऊकच होतं.

मग स्लॅब आला. ज्याच्या कपाशीला दोन वर्षं बरा भाव मिळाला त्याच्या घरावर आला, नोकरदाराच्या घरावर आला आणि घरकुलांमुळे पोडापर्यंतही पोचला. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट. आदिवासींसाठी राज्याची शबरी घरकुल योजना आहे. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित जमातींपैकी एक असल्यानं नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या जनमन अभियानातूनही त्यांना घरं मिळू लागली. पक्कं घर हवंच होतं. उधई, साप, दर उन्हाळ्यात कवेलू चाळण्याची कटकट, यांतून सुटका कोणाला नको असते? जुन्या घरांचे गोडवे गाणाऱ्यांनी श्रावणातल्या झडीत त्या घरात एक रात्र काढावी, मग लिहावं.

पण या नव्या घराची घडण निराळी आहे. खांब दिसेनासे झाले आणि त्यांचं काम न बोलता विटांच्या भिंतींनी घेतलं. कॉलम-बीमचा खर्च टाळायचा म्हणून नऊ इंची भिंत चढवायची आणि थेट तिच्यावरच स्लॅब ओतायचा, अशी घरं आमच्या तालुक्यात गावोगाव आहेत. घर बदललं, पण हातांची सवय जुनीच राहिली. भिंत म्हणजे आडोसा, नको तेव्हा उपसावी, हवी तिथं घालावी. अशी सवय घेऊन आपण ज्या घरात राहायला आलो, तिथं प्रत्येक भिंतीच्या डोक्यावर काही टन ठेवलेले आहेत.

आणि भिंत काढावीशी वाटण्याची कारणं आमच्याकडे रोजची आहेत. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की कापूस घरात येतो. भाव चढेल या आशेवर तो घरातच थांबतो. एक खोली पार छतापर्यंत भरते, माणसं दुसऱ्या खोलीत भिंतीला चिकटून झोपतात, आणि पडल्या पडल्या कोणीतरी म्हणतोच की ही मधली भिंत नसती तर किती ऐसपैस झालं असतं. लग्न ठरलं की तेच. पाहुणे दोन खोल्यांत वाटले जातात, अर्ध्यांना नवरदेव दिसतो, अर्ध्यांना नुसता आवाज ऐकू येतो.

मोठ्या काकांच्या घरी हेच झालं. प्रत्येकी आठ फूट रुंद आणि सोळा फूट लांब अशा दोन खोल्या, मध्ये सोळा फुटांची भिंत. चुलतभावाचं लग्न ठरलेलं. काकांनी घन आणि सब्बल काढून ठेवली होती, शेजारची दोन पोरंही सांगून ठेवली होती. सुदैवानं त्या दिवशी सेंट्रिंगवाला मिस्त्री दुसऱ्याच कामाचे पैसे मागायला आला होता. पैनगंगेपलीकडचा, बोलणं अर्धं तेलुगू वळणाचं. त्यानं भिंत पाहिली, वर पाहिलं, आणि विचारलं, ‘‘काका, हे कोन काढनार हाय?’’

‘‘आमीच. दोन तासाचं काम हाय.’’

‘‘दोन तास कायले? दोन मिनिटांत होते,’’ मिस्त्री म्हणाला. ‘‘फक्त तुमी खाली नका राहू.’’

त्यानं जमिनीवर विटेच्या तुकड्यानं हिशेब मांडला, तो मी नंतर कागदावर ताडून पाहिला. काँक्रीटचा एक घनमीटर सुमारे 2500 किलो भरतो. पाच इंची स्लॅबचा एक चौरस फूट म्हणजे 30 किलोच्या आसपास. मधल्या भिंतीवर दोन्ही खोल्यांचा निम्मा-निम्मा स्लॅब येतो, म्हणजे 128 चौरस फूट. नुसतं काँक्रीटच पावणेचार टनांच्या पुढे गेलं. वरचा कोबा, खालचा गिलावा, गच्चीवर वाळत घातलेली तूर आणि ती हलवायला चढलेली माणसं धरली की पाच टन सहज ओलांडतात. हे ओझं काका बारा वर्षं रोज रात्री उशाशी घेऊन झोपत होते.

दुसरी गोष्ट त्यानं सांगितली ती ओझ्याहून महत्त्वाची. स्लॅबमधल्या सळया सगळीकडे सारख्या नसतात. दोन भिंतींच्या मधल्या भागात स्लॅब खाली झुकू पाहतो, म्हणून तिथं सळई तळाशी लागते. मधल्या भिंतीच्या माथ्यावर तोच स्लॅब वरच्या अंगानं ताणला जातो, म्हणून तिथं सळई क्रँक करून, म्हणजे वाकवून, वर उचललेली असते. आता ती भिंत काढली तर नेमका तोच भाग खाली झुकणार, आणि तिथं तळाशी पुरेसं लोखंड नाही. ते वर जाऊन बसलं आहे. भिंत होती या भरवशावर लोखंड वाकवलेलं असतं. स्लॅबला भिंतीची आठवण असते असं म्हटलं तर मिस्त्री हसेल, पण सळईच्या त्या वाकाला दुसरं काय म्हणावं?

असली चूक खेड्यातलाच माणूस करतो असंही नाही. 25 जुलै 2017 रोजी मुंबईत घाटकोपरची सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली, 17 माणसं गेली. तळमजल्यावर फेरफार चालले होते आणि त्यात खालचे आधार तोडले गेल्याचा आरोप झाला. अमेरिकेच्या अध्यक्षांचं व्हाइट हाऊस घ्या. 1902 साली तिथलं जेवणाचं दालन मोठं करण्यासाठी भार पेलणारी भिंत काढली गेली, पुढे 1927 मध्ये वरचा मजला वाढवून जड केला. 1948 मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांच्या मुलीच्या पियानोचा पाय जमीन फोडून खाली गेला, तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. कुटुंब समोरच्या घरात हलवलं, बाहेरच्या भिंती टेकू देऊन तशाच उभ्या ठेवल्या आणि आतलं घर पूर्ण उपसून लोखंडी सांगाड्यावर पुन्हा उभं केलं. ट्रुमन परत राहायला गेले ते 1952 मध्ये. तिथंही भिंतीवर घन पडला होता तो पाहुण्यांना जागा हवी म्हणूनच.

इकडे काकांनी मुकाट्यानं घन आत ठेवला. तालुक्याच्या गावाहून एका अभियंत्याला बोलावलं, त्यानं भिंतीच्या जागी दहा इंची लोखंडी गाटर सांगितला, आणि काम मिस्त्रीकडे गेलं.

भिंतीपासून दोन-दोन फुटांवर, दोन्ही खोल्यांत, जॅकची, म्हणजे आटे फिरवून आवळायच्या लोखंडी नळ्यांची, एकेक रांग लागली. आधी जमिनीवर लांबच्या लांब जाड फळी. मिस्त्री त्या फळीसाठी हटून बसला होता. खालची फरशी शहाबादी, फरशीखाली मुरुमाचा पातळ थर, आणि त्याखाली आमची काळी जमीन. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर कोणी डोळे मिटून विसंबत नाही. जॅकचं बूड जेमतेम वीतभर. सगळं ओझं त्या वीतभर जागेवर आलं की फरशी फुटते आणि टेकू हळूच खाली बसतो. टेकू बसला की वरचा स्लॅब त्याच्या मागोमाग येतो. हे सांगून झाल्यावरही एका कोपऱ्यात कोणीतरी फळी न घालता जॅक चढवलाच. फरशी तडकल्याचा आवाज झाला आणि मिस्त्रीनं तेलुगूत जे म्हटलं त्याचा अर्थ कोणी विचारला नाही.

जॅकच्या डोक्यावर आडवं लाकूड, लाकूड स्लॅबला भिडलेलं. मग एकेक आटा फिरवत जॅक आवळायचे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. फार आवळलं तर स्लॅब वर उचलला जाऊन वरच्या बाजूनं चिरतो, सैल ठेवलं तर भिंत गेल्यावर तो खाली येतो. मिस्त्री हातोडीनं जॅकवर टिचकी मारून ऐकायचा. मी बाजूला उभा होतो आणि तोच आवाज मला पुन्हा ऐकू आला, आधी पोकळ, मग भरीव. एका पुसट जुन्या चिरेवर त्यानं काचेची बारीक पट्टी प्लास्टरनं चिकटवली. चीर हलली तर काच आधी तुटते.

भिंत वरून खाली काढली, छन्नी-हातोडीनं, थराथरानं. दोन्ही टोकांना फूट-फूट भिंत ठेवली, तिथं गाटर टेकवायला काँक्रीटचे ठोकळे ओतायचे होते. ब्रेकर लावायला मिस्त्री तयार नव्हता. त्या हादऱ्यानं जॅक सरकतात, तो म्हणाला. एकेक वीट निघत गेली आणि भिंतीच्या अंगावरचं सगळं सुटं होऊन घमेल्यात पडू लागलं. दर दिवाळीच्या चुन्याचे पापुद्रे, निळा, पिवळा, फिका हिरवा. कॅलेंडरचा खिळा. चुलतभावाची उंची मोजून मारलेल्या पेन्सिलीच्या रेघा, ज्यांच्यापैकी सगळ्यांत वरची काकूंनी विटेसकट बाजूला ठेवून घेतली. भिंतीचा माथा मोकळा झाला तेव्हा स्लॅबच्या पोटात नऊ इंचांचा एक उघडा पट्टा दिसला. स्लॅब ओतताना भिंतीवर अंथरलेल्या वर्तमानपत्राची अक्षरं त्या काँक्रीटवर उलटी उमटली होती. चुलतभावानं काकूंचा आरसा आणून ती वाचायचा प्रयत्न केला. कापसाच्या भावाची बातमी होती, आकडा मात्र उमटला नव्हता.

त्या रात्री भिंत नव्हती आणि गाटरही अजून चढला नव्हता. घरातली माणसं अंगणात झोपली. मी आत डोकावलो. एका खोलीचा रंग गुलाबी, दुसरीचा हिरवा, आयुष्यात पहिल्यांदा समोरासमोर आलेले. मधे जॅकच्या दोन रांगा. बारा वर्षं भिंतीनं जे धरलं होतं ते आता भाड्यानं आणलेल्या, गंजलेल्या, कोणाकोणाच्या घरात उभ्या राहून आलेल्या नळ्यांनी धरलं होतं. इथलं काम संपलं की त्या दुसऱ्या गावाला जाणार, तिथं आणखी कोणाचा तरी स्लॅब डोक्यावर घेणार. काका बॅटरी घेऊन आले, काचेच्या पट्टीवर उजेड टाकला, पट्टी अखंड होती. ‘‘झोप जाय,’’ मला म्हणाले, आणि स्वतः तिथंच उंबऱ्यावर बसले. हेच काका दोन तासांत भिंत पाडणार होते.

गाटरचं वजन पावणेदोनशे किलोच्या वर. चेनपुली लावून, सात-आठ जणांनी सावरत तो चढवला. ठोकळे आधीच ओतून, पाणी मारून पक्के केले होते. गाटर आणि स्लॅब यांच्यातली फट लोखंडी पट्ट्या आणि घट्ट मसाला ठोकून ठोकून भरली. ही फट राहिली तर सगळं मुसळ केरात, कारण गाटर नुसता शोभेला राहतो आणि स्लॅब फट भरून काढण्याइतका खाली येतो. मग थांबायचं. लग्न जवळ येत चाललेलं, जॅकचं भाडं दिवसाच्या हिशेबानं चढत चाललेलं, आणि मिस्त्री ‘‘अजून नाई, काका’’ म्हणून परत जायचा. नव्या काँक्रीटलाही हाच नियम आहे. भारतीय मानक 456 प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या तुळईखालचे चौदा दिवस तरी काढायचे नसतात. गावात हे कागद कोणी वाचत नाही, पण चांगल्या मिस्त्रीच्या अंगात ते मुरलेलं असतं.

काढण्याचाही क्रम असतो. मधल्या जॅकपासून सुरुवात, तिथून दोन्ही टोकांकडे, प्रत्येकाचा थोडा थोडा आटा सोडत. नव्या बैलाच्या मानेवर जू एकदम टाकत नाहीत, दोन्हीकडून धरून अलगद टेकवतात, तसं ते पाच टन मिस्त्रीनं गाटरवर टेकवले. काचेची पट्टी तुटली नाही. लग्नात पंगत अख्ख्या सोळा फुटांत बसली आणि कोणीही वर पाहिलं नाही.

टेकू वेळेवर निघणं हेही नशीबच म्हणायचं. मुंबईत गिरगाव, डोंगरीकडे जुन्या चाळींना लावलेले लाकडी टेकू मी पाहिले आहेत. या उपकरप्राप्त इमारतींसाठी 1969 साली कायदा झाला, दुरुस्ती मंडळ झालं, पुढे ते म्हाडात आलं. तात्पुरता म्हणून लावलेला टेकू तिथं वर्षानुवर्षं राहतो, त्याला खिळे ठोकून दोऱ्या बांधतात, दोऱ्यांवर कपडे वाळतात, त्याच्या बुडाशी तुळस येते. जिन्यावरून उतरणारा माणूस सवयीनं त्याला वळसा घालतो. आपलं घर टेकूवर आहे हे त्याच्या ध्यानातही राहत नाही, आणि मला घाबरवलं ते या विसरण्यानं.

आमच्या तालुक्यात खांब म्हटले की आता लोक शिबला-पारडीचं नाव घेतात. 2021 साली तिथं रस्त्याच्या कामात जमिनीखालून काळ्या दगडाचे षटकोनी खांब निघाले, एकाला एक लागून. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हारस थंड होताना आक्रसला आणि असा चिरत गेला, हे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी लक्षात आणून दिलं. मीही जाऊन आलो. इतके रेखीव खांब आणि वर काही नाही, नुसतं आभाळ. माझ्याबरोबर आलेले काका बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, ‘‘मजबूत हाय, पन कामाचे नाईत.’’

काकांच्या घराचं निभावलं, कारण मिस्त्री उधारी मागायला योग्य दिवशी आला. तालुक्यातल्या प्रत्येक मधल्या भिंतीला असा योग लाभत नाही. घरकुल बांधताना टप्प्याटप्प्याला फोटो काढायला अभियंता येतो, शेवटचा हप्ता मिळाला की त्या घराकडे सरकार पुन्हा फिरकत नाही. आणि भिंत काढायची बुद्धी होते ती नेमकी त्यानंतर. जॅक आणायचे तर ते वणी नाहीतर पांढरकवड्याहून, गाडीभाडं वेगळं, रोजचं भाडं वेगळं. मग माणूस लाकडाच्या दोन काटक्या टेकवतो आणि घन उचलतो, किंवा टेकू लावतो आणि भाडं चढतं म्हणून आठवड्याच्या आत काढतो. त्याला अडाणी म्हणून मोकळं होता येत नाही. खांब बदलताना टेकू लावणारी ही तीच माणसं आहेत.

आमच्याकडे अनेक गावांत लग्नकार्यासाठी गावाच्या मालकीची मोठी पातेली, कढया, सतरंज्या असतात. वही असते, कोणी नेलं, कधी आणलं ते लिहिलेलं असतं. त्याच खोलीत वीस लोखंडी जॅक आणि चार जाड फळ्या ठेवायला काय हरकत आहे? ग्रामपंचायतीनं घ्याव्यात, भाडं नाममात्र ठेवावं, आणि अट एकच, अभियंत्याची चिठ्ठी आणल्याशिवाय जॅक मिळणार नाहीत. चिठ्ठी देण्याचं काम घरकुलाच्या अभियंत्याकडेच सोपवावं. तो गावात येतोच. येत्या ग्रामसभेसाठी मी हा विषय लेखी दिला आहे. तुमच्या गावात तुम्ही द्या. आणि तोवर कोणाच्या घरून विटेवर घन पडल्याचा आवाज आला, तर उठून जा आणि आधी एवढंच विचारा, की टेकू लावलाय का.